सीडरचा भुसा

होडी बांधून आपल्याला काय मिळणार, याचा अंदाज त्याने पहिली पट्टी कापायच्या आधीच मनाशी बांधून ठेवला होता, आणि अंदाज बांधण्यात तो कच्चा नव्हता. उभी हयात त्याने विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीचे अंदाज बांधण्यात घालवली होती. जळालेलं गोदाम, पाणी भरलेलं तळघर, ट्रक घुसून आडवी झालेली दुकानाची भिंत. सगळं उरकल्यावर, माणसं रडून दमल्यावर, हा टेप घेऊन हजर. ऑफिसातली पोरं पाठीमागे त्याला राखसाहेब म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं, मनातून थोडं आवडतही होतं. तर राखसाहेबांचा होडीचा अंदाज असा होता: निवृत्तीनंतर सकाळी उठायला काहीतरी कारण मिळेल. मागच्या बंद गॅलरीला आतून कडी लावून बसता येईल. दुसऱ्याचं मोडलेलं मोजण्यात जन्म गेला, आता बोटाने दाखवून ‘हे मी केलं’ असं म्हणता येईल अशी एक वस्तू घरात येईल. मुलगी होती, पण ती काही त्याची एकट्याची कामगिरी नव्हती. आणि एक संध्याकाळ मिळेल, जी त्याने लहानपणी दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसून भिंतीवरच्या चित्रात पाहिली होती. चित्रात निमुळती लाकडी होडी, आरशासारखं पाणी, होडीत एक माणूस, आणि दूरपर्यंत त्याला हाक मारणारं कोणी नाही. आतल्या खोलीत कोणाचा तरी दात काढत होते आणि ते माणूस ओरडत होतं. त्याने चित्राकडे इतकं टक लावून पाहिलं होतं की ओरडणं हळूहळू ऐकू येईनासं झालं. ही युक्ती त्याला पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

एवढं धरलेलं होतं. वरकड मिळाली ती घरातली शांतता. ती त्याने मागितली नव्हती, पण आल्यावर परतही केली नाही.

अंदाज चुकतोय हे पहिल्यांदा कळलं ते एका सकाळी, मोठ्या रस्त्यावरच्या पादचारी पुलावर. दोघं नवरा-बायको चष्म्याच्या दुकानातून परत येत होती. तो पुढे, ती दोन पावलं मागे, आणि मागून नेहमीप्रमाणे गोष्ट चालू. वरच्या मजल्यावरच्या बाईने नवा फ्रिज परत पाठवला त्याची. ‘‘मग ती म्हणाली, मी काही हा ठेवून घेणार नाही. तर दुकानवाला म्हणतो कसा, बाई, परत कसा घेऊ, त्याच्यात तर तुमचं...’’ आणि गोष्ट थांबली. तो सवयीने चालत राहिला. वाक्याचा उरलेला भाग मागून येईल आणि आपल्याला गाठेल, असा त्याला भरवसा होता. इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता. आला नाही. वळून पाहिलं तर ती पुलाच्या कठड्याला धरून उभी, खाली वाहणाऱ्या गाड्यांकडे बघत, जणू एखादी ओळखीची गाडी शोधतेय. खांदे वर जात होते, खाली येत होते. ‘‘मग?’’ तो म्हणाला. तिने मान वळवली. ‘‘काय मग?’’ ‘‘दुकानवाला काय म्हणाला? फ्रिजमध्ये काय होतं?’’ ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू परक्या माणसाने रस्त्यात थांबवून तिचं नाव विचारलं होतं. मग किंचित हसली. ‘‘राहू दे. विशेष काही नाही.’’ आणि चालायला लागली, हळू, एका हाताने कठडा घासत.

फ्रिजमध्ये काय होतं, हे त्याला दिवसभर छळत राहिलं. बाकी माणसाला हसू येईल, पण त्याच्या घशात ते काट्यासारखं अडकलं. तिच्या गोष्टी त्याने कधी ऐकल्या असं कोणी म्हणणार नाही. त्या पंख्यासारख्या चालू असायच्या, बंद पडल्यावरच लक्षात याव्यात अशा. आता आठवू लागला तर शेंडा नसलेल्या गोष्टींची रांगच लागली. शाळेतली जुनी मैत्रीण भेटली ती, आणि मैत्रीण काय म्हणाली ते नाही. लाँड्रीवाल्याच्या मुलाने लग्न मोडलं ते, आणि का मोडलं ते नाही. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, उभी कारकीर्द पोरांना ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ म्हणून दटावण्यात गेलेली. साधी दोऱ्याची रीळ आणली तरी ती दुकानाच्या पायरीपासून सुरू करून सुट्या पैशांपर्यंत आणायची, मध्ये तीन माणसांचे आवाज काढायची. ती बाई आता ‘चहा’ म्हणते. ‘जेवण’ म्हणते. ‘फोन’ म्हणते आणि फोन पुढे करते. आणि हे कधीपासून? ते आठवायची गरज नव्हती. गॅलरीच्या दाराशी उभं राहिलं की होडीच समोर होती, आणि तिच्या अंगावर सगळ्या तारखा होत्या.

अशी होडी बांधायची तर आधी तिच्या पोटाच्या आकाराचे साचे कापायचे, फळीवर ओळीने उभे करायचे, आणि मग बोटभर रुंदीच्या सीडर नावाच्या हलक्या, सुवासिक लाकडाच्या लांबच लांब पट्ट्या एकीला एक चिकटवत त्या साच्यांवरून वाकवत न्यायच्या. पट्टी पातळ, घरभर लांब. एक टोक धरावं तर दुसरं माशासारखं वळवळतं. दुसरं माणूस लागतंच. पहिल्या दिवशी तीच आली, पदर खोचून, ‘‘द्या इकडे, तुमचं एकट्याचं काम नव्हे हे,’’ म्हणत. तिच्या हातात पट्टीचं टोक आणि तोंडात गोष्ट. तो ग्लू लावायचा, पिना मारायचा, हं हं म्हणायचा. ‘‘हं काय हं? मी काय म्हणाले सांगा बरं?’’ ‘‘तुझी मुख्याध्यापिका.’’ ‘‘ती केव्हाच संपली! आता मी माझ्या मावशीवर आलेय. धरा नीट.’’ लाकडाचा वास घरभर पसरलेला, गोड आणि थोडा मिऱ्यासारखा. ती डोळे मिटून हुंगायची. ‘‘सगळा वर्ग एकदम पेन्सिलींना टोक करतोय असं वाटतं हो.’’ ते महिने चांगले होते, हे त्याला आता कळत होतं, आणि जे तेव्हा कळलं नाही ते आता कळण्याचा त्याला राग येत होता. रोज थोड्या पट्ट्या चढायच्या. होडी पालथी पडलेल्या मोठ्या जनावरासारखी भरत गेली, तपकिरी, लालसर, मध्येच मधासारखी पिवळी. बायकोचा धाकटा भाऊ, जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीतला, रविवारी यायचा आणि होडीच्या पाठीवर थाप मारून ग्राहकाला गाडी दाखवावी तसं बोलायचा. ‘‘दाजी, बॉडी झकास आहे. इंजिन कधी बसवताय? आणि पूर येणार असल्याची खास बातमी तुम्हालाच कशी कळली? आमच्या दोन सीट धरून ठेवा, हिला सोडून येईन म्हणा.’’ ही म्हणजे त्याची बायको, जी कधीच बरोबर यायची नाही. ताई हसायची. ताईचं ते हसणं आठवताना त्याला जाणवलं, की त्यातही एक वळण होतं, शेवटी वर जाणारं, आणि तेही आता जात नाही. खालीच कुठेतरी सुटतं आणि त्याचा ठसका होतो.

पट्ट्या संपल्या की खरं काम सुरू होतं, ते घासण्याचं. आधी रंधा, मग पॉलिशपेपरचं मशीन, जाड कागद, बारीक कागद, त्याहून बारीक. हात फिरवला तर कुठे पट्टी संपली आणि कुठे सुरू झाली हे कळता कामा नये. भुसा कसला, पिठासारखी भुकटी निघते. हवेत उभी राहते, उजेडाच्या पट्ट्यात तरंगते, पडायचं मनावर घेत नाही. लाकूडवाल्याने जाता जाता सांगितलं होतं, नाकाला काहीतरी लावा, या लाकडाची भुकटी वाईट. राखसाहेब सांगितलेलं ऐकणारे. त्यांनी दोन बाजूंना दोन गोल डबे असलेला मुखवटा आणला. एकच आणला, कारण काम करणारा एकच होता. मेव्हणा म्हणाला, ‘‘दाजी, ताईला रात्री घाबरवायला बरा आहे.’’ दुपारभर तो मुखवट्याआड घासायचा, स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकत, आणि त्या आवाजात त्याला विलक्षण एकटं आणि सुखरूप वाटायचं. मग मुखवटा खुंटीला, कपडे बादलीत, आंघोळ. तो न्हाणीघरातून बाहेर यायचा तोवर ती झाडू घेऊन गॅलरीत गेलेली असायची. ‘‘अगं, राहू दे, मी काढतो केर.’’ ‘‘तुम्ही काढलेला केर मला पुन्हा काढावा लागतो.’’ हे दोन संवाद रोज व्हायचे, नाटकातल्यासारखे, आणि रोज तो हरल्याचं दाखवून चहाला बसायचा. बादलीतले कपडे ती भिजवायच्या आधी मागच्या दाराशी झटकायची. झटकताना एक लालसर ढग उठायचा आणि ती तोंड फिरवून त्यात उभी राहायची.

आणि पंखा. पंख्याची कल्पना त्याची स्वतःची होती, म्हणून आठवताना तो त्या कल्पनेकडे सर्वांत शेवटी वळला, मनात पुष्कळ वेळ घुटमळून. घरात हवा बाहेर फेकणारा पंखा एकच, स्वयंपाकघरात ओट्यावर. गॅलरीची खिडकी उघडली आणि मधलं दार उघडं ठेवून तो पंखा लावला, की बाहेरची हवा खिडकीतून येते, होडीवरून वाहते, भुकटी उचलते आणि मधल्या दारातून स्वयंपाकघरात जाऊन पंख्यातून बाहेर. त्याने दाराच्या चौकटीला दोऱ्याचा तुकडा चिकटवून तपासलंही होतं. दोरा स्वयंपाकघराकडे कलला, आडवा झाला, थरथरत राहिला. तो खूश झाला होता. तिला बोलावून दाखवलं होतं. ‘‘बघ, सगळं ओढलं जातंय.’’ ती कणीक मळत होती. दोऱ्याकडे बघून म्हणाली, ‘‘हुशार आहात.’’ गॅलरी खरोखर स्वच्छ राहू लागली. ओट्यावर, डब्यांच्या झाकणांवर, तिच्या पोथीसारख्या जपलेल्या चष्म्याच्या काचांवर एक तांबूस थर बसायचा. तो थर ती पुसायची. कुरकुर करायची नाही. किंवा करायची, पण तोवर तिची कुरकुरही एका शब्दावर आली होती. ‘‘भुसा,’’ म्हणायची. आणि त्याने, देवाशपथ, ऑफिसातल्या जुन्या सोबत्याला फोनवर सांगितलं होतं, ‘‘होडीने घर बदललं बघ. बायको किती समजूतदार झालीय!’’

पुलावरच्या त्या सकाळनंतर तो तिला ऐकू लागला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा ऐकू लागला तर बाईला संशयच यायचा. तिनेही विचारलं, ‘‘काय झालंय तुम्हाला?’’ तो ऐकत होता ते शब्द नव्हते. शब्दांच्या मधल्या जागा होत्या. दिवेलागण झाली की त्या जागा वाढत. दुपारी ठीक असायची, भुकटीत उभी असतानाही ठीक असायची, आणि काम थांबून, घर पुसून, सगळं निवांत झाल्यावर ठसका सुरू व्हायचा, कोरडा, मग छातीतून दूरवर दार करकरल्यासारखा आवाज. त्यामुळे कोणाच्याही मनात होडी येत नव्हती. घासताना शिंक आली असती तर येती. मेव्हणा म्हणाला हवा बदललीय. शेजारीण म्हणाली वय झालं, आणि स्वतःच्या वयाकडे न बघता म्हणाली. ती स्वतः म्हणाली, ‘‘खडू. इतकी वर्षं खडू खाल्ला, तो आता निघतोय.’’ खडूचं त्याने चटकन मान्य केलं. एवढं चटकन, की नोकरीत असता तर असं मान्य करणाऱ्या माणसाकडे त्याने दोनदा बघितलं असतं.

मग मुलीने आईला बोलावून घेतलं. नातवाला सुट्टी होती, जावई कामावर बाहेरगावी. ती गेल्यावर राखसाहेबांनी मनसोक्त काम केलं. होडी आता उताणी झाली होती, बाहेरून काचतंतूंचं कापड आणि रेझिनचा पारदर्शक लेप चढून काचेसारखी चमकत होती, आतली बाजू घासायची राहिली होती. आतली बाजू म्हणजे खोलगट, हात अवघडणारी, सर्वांत जास्त भुकटी देणारी. पहिले दोन-तीन दिवस फोनवर ती नेहमीसारखीच, ‘बरं’, ‘हो’, ‘ठेवते’. मग एके दिवशी फोन आला आणि थांबेचना. नातवाने मांजराला काय केलं, मांजराने काय केलं, मुलगी काय ओरडली, खालचे आजोबा काय म्हणाले, आजोबांचा आवाज, मांजराचा आवाज. त्याने फोन कानापासून थोडा दूर धरला, जुन्या सवयीने, आणि तसाच धरून गॅलरीत उभा राहिला. समोर होडी. फोनमधून ती, पूर्ण वाक्यांत. अशा क्षणी त्याचं डोकं कसं चालायचं हे त्याला पाठ होतं. गोदाम जळलं तर आधी विचारायचं, आग लागली तेव्हा काय चालू होतं, आणि लागली नाही तेव्हा काय बंद होतं. बस, एवढंच विचारायचं. बाकी सगळं लोक सांगतात ते रडणं असतं. ‘‘ऐकताय ना?’’ ती म्हणाली. ‘‘हं.’’ ‘‘हं काय हं?’’ आणि हसली, आणि ते हसणं शेवटी वर गेलं.

ती परतली त्या संध्याकाळी तिने प्रवासाची गोष्ट पूर्ण ऐकवली, शेंड्यासकट. त्याने दुसऱ्या दिवशी काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी केलं, पण मधलं दार लावून घेतलं. पंखा बंद. भुकटी गॅलरीतच फिरत राहिली, मुखवट्याच्या कडेतून आत शिरली, डोळ्यांत गेली, त्याला ठसका लागला, आणि समोरची रेघ दिसेना. बारीक कागदाचं काम. रेघ दिसली नाही तर कागद एकाच जागी खातो आणि पट्टी पातळ होते. मग सगळंच गेलं. त्याने मशीन बंद केलं. मधल्या दाराशी जाऊन उभा राहिला. पलीकडे ती भाजी चिरत होती, विळीचा नाही, सुरीचा आवाज, टक टक टक. थोडाच वेळ, असं तो स्वतःला म्हणाला, एवढी बाजू होईपर्यंत. आणि दार उघडलं. ‘‘पंखा लाव गं जरा.’’ सुरी थांबली. पंखा लागला. चौकटीवरचा दोरा आडवा झाला.

छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला शेवटी मुलीनेच लावलं. तिनेच वेळ ठरवली, पण ऐनवेळी तिच्या ऑफिसात काम निघालं म्हणून त्याला आत जावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी हातात एक नळी दिली. ‘‘खोल श्वास घ्या, आणि फुंका. जोरात. अजून, अजून, अजून...’’ ती फुंकत होती. त्याने तिला अनेकदा फुंकताना पाहिलं होतं. दुधावर, मुलीच्या गुडघ्यावर, फळ्यावरच्या धुळीवर. नळीतला काटा थोडा चढला आणि लाजल्यासारखा तिथेच थांबला. डॉक्टरीणबाई काट्याकडे बघत राहिल्या, मग विचारायला लागल्या, भाजीच्या यादीसारखं एकसुरात. ‘‘घरात पाळीव पक्षी? रंगाचं काम? पिठाची गिरणी जवळ? लाकडाचा भुसा, सुतारकाम, असलं काही? नीट आठवून सांगा. काही भुसे असे असतात की आज नाकात जातात आणि तासांनी छाती धरतात, म्हणून लोकांना संशयच येत नाही. वेळेवर बंद केलं तर छाती पुष्कळशी मोकळी होते. लांबवलं तर मग भुसा गेला तरी दमा जात नाही. कायमचा राहतो.’’

राखसाहेबांनी आयुष्यात असे प्रश्न हजारदा विचारले होते आणि समोरच्या माणसाचे हात बघितले होते. आता त्याने आपले हात बघितले. नखांच्या कडांत तांबडी रेघ होती. त्याने मुठी मिटल्या. बोलेल, ती बोलेल, असं त्याला वाटलं. ती बोलली तर आपण ‘अरे हो, खरंच की’ म्हणू. तिने त्याच्याकडे पाहिलं. नजर कसली, तपासणी होती. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराने हात वर करायची वाट बघतात तशी. ती नजर बरीच टिकली. मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली आणि म्हणाली, ‘‘खडू. शिक्षिका होते मी.’’

बाहेर बाकावर औषधाच्या चिठ्ठीची वाट बघत दोघं बसली. ‘‘सांगितलं का नाहीस?’’ त्याने विचारलं. ‘‘तुम्ही का नाही?’’ एवढ्या तीन शब्दांना तिला मध्ये एकदा थांबावं लागलं. मग दमादमाने, एकेक घोट घेतल्यासारखी ती बोलत राहिली. ‘‘मला लेकीकडेच कळलं. येताना गाडीत... वाटलं, सांगावं. घरी आले, तर तुम्ही होडीला हात लावून... उभे होता. असे मी तुम्हाला... आपल्या पोरीच्या पाळण्याशीसुद्धा नाही पाहिलं.’’ तिने एक श्वास घेतला. ‘‘म्हटलं, बघू. तुम्हालाही कळलेलं दिसतंय. बघू, काय करतात.’’ समोरून चाकाच्या खुर्चीत एका म्हाताऱ्याला नेत होते आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर त्याचाच बूट होता. त्याच्या मनात पुष्कळ वाक्यं आली, पूर्ण वाक्यं, कर्ता, कर्म, क्रियापद. त्यांतलं जे बाहेर पडलं ते हे: ‘‘आता थोडंच राहिलंय.’’

तिने मान हलवली. जणू बेरीज तिच्याकडे आधीच केलेली होती आणि आता उत्तर जुळलं. ‘‘मग आटपा,’’ ती म्हणाली.

तो वाईट माणूस नव्हता, असं त्याला ओळखणारा कोणीही सांगेल. त्याच संध्याकाळी त्याने मुखवटा धुतला, डबे बदलले आणि तिच्या हातात दिला. ‘‘यापुढे हा तू घाल.’’ तिने घातला. पट्टा त्याने मागून बांधला, केस अडकू नयेत म्हणून हळू. तिने त्यातून एक श्वास ओढला, दुसरा ओढायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही हातांनी तो उपसून काढला, पाण्याबाहेर आल्यासारखी. ‘‘यातून ओढायलाच... दम लागतो,’’ ती म्हणाली. मुखवटा पुन्हा खुंटीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर. केर मात्र आता तो स्वतः काढू लागला. कपडे स्वतः झटकू लागला. ‘अंगणातच बसत जा, मी काम करतो तेव्हा,’ असंही एकदा म्हणाला, ती बसली, पण पंख्याचं तोंड अंगणाकडेच होतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा शेवटचा बारीक कागद चालू होता. आता थांबून काय, असं मनात आलं आणि त्याने ते पुरं केलं. होडी आतून बाहेरून अशी झाली, की हात फिरवला तर कुठेच काही अडत नव्हतं.

गावाबाहेरच्या तळ्यावर होडी नेली त्या दिवशी वारा पडलेला होता. मेव्हण्याने आपल्या धंद्यातला छोटा टेम्पो आणला, वर होडी बांधली, वाटेत प्रत्येक सिग्नलला लोक काचा खाली करून विचारायचे आणि तो ओरडून सांगायचा, ‘‘आमच्या दाजींनी बांधलीय! घरात! ताईच्या ओट्यापासून दोन हातांवर!’’ मुलगी फोनवर चित्रण करत होती. ‘‘बाबा, इकडे बघा. आई, तूपण. आई, हस ना गं.’’ पाण्यात सोडली तेव्हा होडी जराही कलली नाही, थेंबभर पाणी आत आलं नाही. तळ्याचा राखणदार, ज्याने चांगल्या-वाईट खूप होड्या पाहिल्या होत्या, काठावरून उतरून जवळ आला, वाकला, पट्ट्यांच्या सांध्यांवरून अंगठा ओढला आणि म्हणाला, ‘‘कारखान्याची वाटत नाही. कोणी केली?’’ आणि राखसाहेबांनी बोटाने दाखवण्याऐवजी आपल्या छातीवर हात ठेवला. मेव्हण्याने ताईला धरून पुढच्या बैठकीवर बसवलं. ‘‘ताई, मॅडमसारखी बस. दाजी ड्रायव्हर.’’ तो मागे बसला. वल्ह्याचा पहिला हात, दुसरा. काठावरचे आवाज बारीक होत गेले. पाण्यावर झाडं उलटी टांगलेली होती आणि होडीचं टोक त्यांतून कापडातून कात्री जावी तसं जात होतं. मध्यावर आल्यावर त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. दूरपर्यंत कोणी नव्हतं. हाक मारणारं कोणी नव्हतं.

‘‘काहीतरी बोल ना,’’ तो म्हणाला. ‘‘ती फ्रिजची गोष्ट सांग. काय होतं त्याच्यात?’’

तिने मागे न बघता एक हात वर केला. थांबा, अशा अर्थाचा. तो थांबला. हात खाली आला आणि होडीच्या कडेवर टेकला, ती कड त्याने सर्वांत शेवटी, सर्वांत बारीक कागदाने घासली होती. गोष्ट काही आली नाही. इतक्या शांततेत छातीतली ती करकर स्पष्ट ऐकू येत होती, लाकूड वाजतंय की काय असं वाटावं इतकी, पण लाकूड वाजत नव्हतं. त्याने केलेल्या कामात कुठेही आवाज नव्हता. कोणाला काय उरलं याचा त्याने अंदाज घेतला; ते त्याच्या हातचं होतं, कोणी सांगायला नको. मेव्हण्याला जन्मभर पुरेल असा विनोद मिळाला. मुलीला मैत्रिणींना पाठवायला आईबाबांचं चित्र मिळालं. त्याला होडी मिळाली, राखणदाराची पावती मिळाली, पाणी मिळालं, संध्याकाळ मिळाली, आणि मागितली नव्हती ती शांतताही, आता कायमची. किंमत भरणारं माणूस त्याच्या पुढ्यात पाठमोरं बसलं होतं. खांदे वर जात होते, खाली येत होते. अजून भरत होतं.